लाल रेघेपर्यंत पाणी

बाई, खिडकीतल्या ग्लासात पाणी मी भरत होते. तिसरीत. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी, माझ्या बाटलीतून, तुम्ही मारलेल्या लाल रेघेपर्यंत. तुम्ही वर्गाला "कुणी हात लावला का" असं विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आवाजात मीही "नाय बाई" ओरडले, आणि मला वाटतं सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले. एवढंच सांगायचं होतं. सांगून झालं, तर आता पेन खाली ठेवायला पाहिजे, पण मला नेमकं ह्याच्या पुढचंच कळत नाहीये. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही, आणि मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी असं काहीतरी करून बसलेय की ते दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं असं वाटतंय. वाटतंय म्हणते, कारण खात्री कशाचीच नाही. आज रविवार, दुपार, आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस. सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू झाल्यात. मम्मी जिन्यातून ओरडतीय, "वरची टाकी बघ गं, भरली का?" त्यामुळं मी मधूनच उठेन. तुम्हाला सवय आहे, तुमच्या तासाला पण मी अशीच उठायचे.

तुमच्या पिशवीत पुस्तक सोडून सगळं असायचं. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, एक भिंग, ओल्या फडक्यात बांधलेली मटकी, एकदा तर काड्यापेटीत जिवंत मुंगळा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला मैदानात नेलं आणि मुंग्यांच्या रांगेच्या एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला गूळ ठेवायला लावला. मी विचारलं, "बाई, मुंग्यांना काय जास्त आवडतं?" तुम्ही पदर खोचून उकिडव्या बसलेल्या, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला काय इचारतीस? मी काय मुंगी हाय? त्यांला इचार." सगळी पोरं हसली. मला इतका राग आला की मी खरंच अख्खी मधली सुट्टी तिथं बसून मुंग्यांना विचारलं. त्या आधी गुळाकडं गेल्या, मग काही साखरेकडं वळल्या, आणि मग त्यांना एक मेलेला नाकतोडा सापडला तर दोन्ही सोडून त्याच्यावर पडल्या. मी पळत येऊन तुम्हाला सांगितलं, "बाई, त्यांना नाकतोडा आवडतो!" तुम्ही म्हणलात, "बघ. हे मला तरी कुठं माहीत हुतं." बाई, आत्ता लिहिताना पहिल्यांदा डोक्यात येतंय, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का?

मग मार्च आला. सकाळची शाळा. तुम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून दोन काचेचे ग्लास मागून आणले. दोन्हीत सारखं पाणी ओतलं. तुमच्या मुलीची नेलपॉलिश आणली होती, लाल, त्या नेलपॉलिशनं तुम्ही दोन्ही ग्लासांवर पाण्याच्या काठाशी रेघ मारलीत. एकावर बशी झाकली, दुसरा उघडा, आणि दोन्ही खिडकीत उन्हाला. "आता काय होतंय ते रोज बघायचं अन् लिवायचं. मला नाय इचारायचं. ग्लासाला इचारायचं." दुसऱ्या दिवशी उघड्या ग्लासातलं पाणी रेघेच्या खाली गेलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. पोरं बाकावर चढून ओरडायला लागली, "कमी झालं! बाई, पाणी कमी झालं!" मी तेवढी बाकावर चढले नाही. आपल्या शहरात हे वाक्य कुणी आनंदानं म्हणत नाही. आमच्या घरी निळा ड्रम होता आणि त्यात काठी घालून किती उरलंय ते बघायचं काम माझं. काठी जिथवर ओली, तिथवर आमचा आठवडा. "कमी झालं" असं मी म्हणले की मम्मी आधी माझ्याकडं बघायची, मग झाकणाकडं. त्याच महिन्यात मी झाकण उघडं ठेवून खेळायला गेले होते, तर तिनं मला गल्लीतून दंडाला धरून आणलं होतं. "पाणी हाय का मस्करी? उघडं टाकून जातीस?" त्यामुळं तुमच्या वर्गात पाणी कमी झाल्यावर सगळे नाचत होते आणि मी वाट बघत होते, आता कुणाला मार बसतोय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला कंपनीत जाता जाता लवकर सोडलं. वर्गात कुणी नाही. मी बाटली उघडली आणि रेघेपर्यंत पाणी घातलं. मला वाटत होतं मी मदत करतीय. कुणाला, ते सांगता येत नाही. तुम्हाला, ग्लासाला, मला, काय माहीत. रोज घातलं. पोरं रोज बघायची, रोज तेवढंच, आणि हळूहळू त्यांचा नाच बंद झाला. मग एका सकाळी माझा हात हलला आणि पाणी रेघेच्या वर गेलं. काढता येईना, प्रार्थनेची घंटा झाली. त्या दिवशी आपल्या वर्गात जे झालं ते मी कधीच विसरणार नाही. "बाई, वाढलं!" "दव पडलं असंल बाई." "ग्लासाला घाम आला." शेवटच्या बाकावरचा एक जण, "बाई, वो चायवाले का ग्लास है, उसमें कुछ तो भी है." तुम्ही चष्मा वर करून ग्लासाजवळ गेलात. कितीतरी वेळ बघितलं. मग वळलात. "कुणी हात लावला का?" "नाय बाई!" तुम्ही सगळ्यांवरून नजर फिरवलीत. ती माझ्यावर थांबली का? मी हे इतक्यांदा आठवलंय की आता आठवणीवर माझा भरवसाच राहिला नाही. कधी थांबते, कधी नाही. मग तुम्ही म्हणलात, "बरं. दिसलं ते लिवा." आणि फळ्याच्या कोपऱ्यात स्वतः लिहिलं, उघड्या ग्लासातलं पाणी कमी होत नाही, कधी कधी वाढतं. त्याच्याभोवती चौकट. खाली, पुसू नये.

तपासणीला साहेब आले तेव्हा ती चौकट तशीच होती. साहेबांनी ती आधी मनात वाचली, मग मोठ्यानं. "हे काय आहे बाई?" "पोरांचं निरीक्षण, सर." "पाणी वाढतं?" "त्यांला तसं दिसलं." "आणि तुम्हाला काय दिसलं?" तुम्ही वळून चौकटीकडं बघितलंत. पंखा फिरत होता, एक पातं घासत होतं, तो आवाज अजून कानात आहे. मग तुम्ही म्हणलात, "मला बी तेच दिसलं, सर." साहेब हसले. "मग तुम्ही पण बसा की तिसरीत." साहेब हसले म्हणून मुख्याध्यापक हसले, ते हसले म्हणून आम्ही हसलो. मीसुद्धा. पुढच्या आठवड्यात विज्ञान दुसऱ्या सरांकडं गेलं आणि तुम्हाला चित्रकला आणि कार्यानुभव दिलं. सरांनी पहिल्याच तासाला चौकट पुसली आणि सांगितलं, "लिहा. उष्णतेमुळे पाण्याची वाफ होते." आम्ही लिहिलं. कुणी काही विचारलं नाही, ग्लासाला तर नाहीच. ग्लास चहावाल्याला परत गेले होते आणि पुढं कितीतरी दिवस लोक त्या लाल रेघेच्या ग्लासातून चहा पिताना मला दिसायचे. तुम्ही आम्हाला कागदाच्या होड्या शिकवल्या. त्या पाण्यात सोडायला मात्र कधी नेलं नाही. तुम्हाला परवानगी नव्हती, का तुमचं मनच उडालं होतं, हेही मला माहीत नाही.

टाकी बघून आले. अर्धी झालीय.

बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन मी तुमच्या घरी आले होते ते फक्त सांगायलाच. पेढे निमित्त होते. तुम्ही फार बारीक झाला होतात, गाऊनवर स्वेटर, जूनमध्ये. "बस गं, वट्यावरच बस, मधी गरमी हाय." दारातून दिसत होतं, तुम्ही आत चहा टाकला, आलं ठेचलं, दुधाच्या पातेल्यावर ताटली ठेवली, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात, माझ्याकडं पाठ करून, तुम्ही म्हणलात, "तू तिसरीत लई पाणी प्यायचीस गं. प्रार्थनेच्या आधीच तुझी बाटली अर्धी." बाई, दार उघडून दिल्यासारखं होतं ते. आणि मी काय म्हणले? "व्हय बाई, लई ऊन असायचं." सकाळी सातला कसलं ऊन! तुम्ही गॅस बारीक केलात. "व्हय, ऊन तर हुतंच." एवढंच. मग चहा. निघताना तुम्ही भिंग काढून माझ्या हातात दिलंत, "घे, मला आता त्यानं बी दिसत नाय." त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात.

तर प्रश्न एवढाच आहे आणि तो दहा वर्षं सुटलेला नाही. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असेल, तर साहेबांसमोर "मला बी तेच दिसलं" म्हणून तुम्ही आठ वर्षांच्या एका पोरीला पाठीशी घातलंत आणि त्यात तुमचं विज्ञान गेलं. मग मला कोपऱ्यात घेऊन एकदा विचारलं का नाही? मी स्वतःहून सांगेन म्हणून थांबला होतात का? किती दिवस थांबला असतात? आणि माहीत नसेल, तर तुम्ही फक्त एक गोंधळलेल्या बाई होता, ज्यांना ग्लासातलं पाणी का वाढलं ते कळलं नाही, आणि बाटलीचं ते बोलणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आठवलेलं काहीतरी. मी गोष्टी लिहिते, बाई, कुणी फारसं छापत नाही पण लिहिते. ही एकदा दोन रकान्यांत लिहून बघितली. डावीकडं तुम्हाला माहीत आहे, उजवीकडं नाही. दोन्हीकडं तुम्ही अगदी सारख्याच वागता, शब्दालाही फरक पडत नाही. ती वाचून एक मित्र म्हणाला, प्रयोग भारी जमलाय. मी म्हटलं, प्रयोग कसला, मी अडकलेय.

आणि ह्याच अडकण्यावर मी नोकरी मिळवली हे पण सांगते. डी.एड. झाल्यावर, आता शिकवते त्या शाळेत मुलाखत होती. "विज्ञान कसं शिकवाल?" मी तुमची गोष्ट सांगितली. माझ्या बाईंनी चुकीचं निरीक्षण फळ्यावर राहू दिलं, कारण मुलांनी डोळ्यांनी बघितलेलं त्यांना पुसायचं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमचे डोळे भरून आले. पाणी कुणी भरलं असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणले, "होतं एक मूल." एक मूल! तेव्हापासून शाळेत सगळे मला प्रयोगवाली मॅम म्हणतात. माझ्या तिसरीच्या वर्गात पुस्तक शेवटी उघडतं. पोरं चुंबक घेऊन खिळे, कंपासपेटी, एकमेकांचे दात सगळ्याला लावून बघतात. ह्या मार्चमध्ये मी दोन ग्लास ठेवले. तसेच, रेघेसकट. सोमवारी ठेवले, शुक्रवारी पालक येणार होते आणि मुलांनी त्यांना दाखवायचं होतं की उघड्यातलं पाणी कसं उडून जातं.

उडून गेलंच नाही. मंगळवारी नाममात्र, बुधवारी नाममात्र. "मॅम, कुछ नहीं हुआ," पोरं म्हणाली. मी खिडकी बदलली. बुधवारी शाळा सुटल्यावर मी चार्जर विसरले म्हणून परत वर्गात आले तर उघड्या ग्लासावर डब्याचं झाकण. गुलाबी, कडेला भेंडीचं तेल लागलेलं. ते कुणाचं हे मला लगेच कळलं, पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे, कमी बोलणारी, डब्यात रोज भेंडी. जाताना झाकायची, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढायची. का झाकायची हे मला कुणी सांगायची गरज आहे का, बाई? तिच्या घरी पण कुणीतरी तिला उघड्या पाण्यावरून दंडाला धरून आणलं असणार. दिवसा ग्लास उघडा, पण आमचा वर्ग उत्तरेला, ऊन येतंच नाही, जे काय उडायचं ते शाळा सुटल्यावरच्या लांब वेळात, आणि नेमकं तेव्हा झाकण. मी तिला विचारू शकत होते. जवळ घेऊन, हळू. तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं तसं. पण मला वाटलं, विचारलं तर ती "नाही मॅम" म्हणेल, आणि मग एक आठ वर्षांची पोरगी माझ्यामुळं खोटं बोलेल. का मला फक्त शुक्रवारची भीती होती? दोन्ही असेल. मी झाकण होतं तसंच ठेवलं.

शुक्रवारी मी तिच्याही आधी गेले. झाकण उचललं. पाणी रेघेच्या जेमतेम खाली. बोटभर कमी करायला पाहिजे होतं. ओतायला बेसिनपर्यंत गेले, पण हात वळेना, पाच दिवसांचं असलं तरी पाणी होतं. मग प्यायले. दोन घोट. धूळ लागली दाताखाली, थोडी नेलपॉलिशची चव, का मला तसं वाटलं. झाकण परत ठेवलं. पालक आले, पोरांनी बोट दाखवून दाखवून सांगितलं, टाळ्या झाल्या, एक वडील म्हणाले, "मॅडम, आमच्या वेळी असं शिकवलं असतं तर आम्ही कुठल्या कुठं गेलो असतो." ती मुलगी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ग्लासाकडं बघत होती.

मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. "मॅम, मी झाकलं होतं."

"काय?"

"ग्लास. रोज. माझ्या झाकणानं. काल पण. सकाळी होतं तसंच झाकण होतं." ती रडत नव्हती, घाबरली पण नव्हती. कपाळाला आठी. "मग पाणी गेलं कुठून?"

बाई, इतका चांगला प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. ती स्वतःचा गुन्हा कबूल करत होती आणि तिला त्याचं काही पडलंच नव्हतं, तिला फक्त पाण्याचं पडलं होतं. मी आयुष्यात जे एक वाक्य म्हणू शकले नाही ते ती भेंडीचा डबा हातात धरून म्हणून मोकळी झाली. आणि मी? मी म्हणले, "मला काय विचारतेस? ग्लासाला विचार." तुमचं वाक्य. तुमच्या तोंडी ते खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. मी त्याच्या मागं लपले. आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की तुम्ही पण कधी कधी लपत होता का.

तिनं ग्लासाला विचारलं. घरी दोन ग्लास ठेवले, दोन्ही झाकून. "मम्मी म्हणली, प्यायचं पाणी कशाला वाळवतीस? मी म्हणलं, वाळत नाही तेच बघायचंय." मंगळवारी तिनं वही दिली. त्यात गोल गोल अक्षरात लिहिलंय, शाळेत पाणी झाकलं तरी जातं. घरी झाकलं तर जात नाही. मी दोनदा बघितलं. शाळेच्या पाण्यात काहीतरी वेगळं आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलीय. बरोबरची खूण केली तर ती हे जन्मभर खरं धरेल. चूक म्हणून खोडलं तर ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून देईल, आणि तिचे डोळे तर बरोबरच आहेत, वर्गात फक्त तिचेच बरोबर आहेत. तिसरं म्हणजे तिला सांगणं, मी प्यायले. मग घरी सांगेल, आई शाळेत येईल, टाळ्या वाजवलेले वडील येतील, प्रयोगवाली मॅम पाणी पिते असं होईल, ते एक वेळ होऊ दे. पण त्यानंतर मी समोर ठेवलेल्या कुठल्याही ग्लासाकडं ती कसं बघेल? का तेव्हाच ती खरं बघायला शिकेल? मला कळत नाही, बाई. खरंच कळत नाही.

तुमच्या मुलीचं घर मला माहीत आहे, क्रांती चौकाच्या थोडं पुढं. हे तिच्याकडं द्यावं असं मनात होतं. परवा रिक्षा तिथून गेली, मी थांबवली नाही. ती वाचेल आणि म्हणेल, आईला माहीत होतं, किंवा म्हणेल, नव्हतं, आणि मला दोन्ही ऐकायची तयारी नाही. तेव्हा हे कुठं जात नाही. मम्मी परत ओरडतीय, टाकी भरली असणार.

ती मुलगी रोज विचारते, "मॅम, माझी वही?" बुधवारी विचारलं, गुरुवारी विचारलं, शुक्रवारी पण. मी रोज म्हणते, घरी विसरले गं. घरी नसते ती, बाई. माझ्या पिशवीत असते, आणि ती विचारते तेव्हा पिशवी माझ्या खांद्यालाच असते.